जुन्या वाटेवर नवें एंजिन

वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं माणसाच्या मनांत दोन भाव एकाच वेळीं नांदूं लागतात. ती टाकवत नाहीं, आणि तिची मंद चालहि सोसवत नाहीं. अशा वेळीं एक मधला मार्ग सुचतो. अंग जुनेंच ठेवावें, आणि आंतील यंत्र तेवढें नवें घालावें. जुन्या मोटारींचे शौकीन हा प्रयोग जगभर करीत आले आहेत. हिंदुस्थानांत तर तो एका कारखान्यानेंच केला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथें जिचा जन्म झाला, ती अँबॅसडर मोटार हिंदी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांनीं पाहिली. तिचा गोल माथा आणि फुगीर अंग तसेंच ठेवून १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिच्या पोटांत जपानी इसुझू जातीचें एंजिन बसविण्यांत आलें. पूर्वीचें एंजिन पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीचें होतें. नवें पंचाहत्तरांचें आलें. त्याबरोबर चार गीअरांची पेटी जाऊन पांच गीअरांची आली.

एंजिनाबरोबर गीअरांची पेटीहि बदलावी लागली, यांत या विषयाचें मर्म आहे. दिव्याची वात बदलावी तसें एंजिन बदलतां येत नाहीं. एंजिनाची शक्ति क्लचांतून गीअरांकडे, गीअरांतून लांब दांड्यानें मागच्या आंसाकडे आणि आंसांतून चाकांकडे जाते. या सांखळींतील एखादी कडी जुन्या मापाची राहिली तर नवी शक्ति तिलाच तोडते. शिवाय वेग वाढला कीं ब्रेक अधिक जोरदार हवे, उष्णता वाढली कीं पाण्याची टांकी मोठी हवी, आणि वजन वाढलें कीं कमानी अधिक ताठ हव्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या रचनेंतील अशा फेरफारावर निर्बंध घातले आहेत, त्यांतहि हेंच शहाणपण आहे. एंजिन गाडीला पळवितें खरें. परंतु तिनें किती पळावें हें ठरविण्याचा अधिकार बहुधा एंजिनाकडे नसतो.

हाच प्रयोग वऱ्हाडांत एका मोटारीवर नव्हे, तर सबंध आगगाडीवर झाला. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर हें जंक्शन मध्यें धरून एक चिंचोळा लोहमार्ग उत्तरेस अमरावती जिल्ह्यांतील अचलपूरपर्यंत आणि दुसरा दक्षिणेस यवतमाळपर्यंत गेला. लोकांनीं या गाडीला प्रेमानें ‘शकुंतला’ असें नांव दिलें. सत्तर वर्षांहून अधिक काळ या वाटेवर वाफेच्या एंजिनानें सेवा केली, आणि १९९४ सालीं त्याच वाटेवर त्याच्या जागीं डीझेल एंजिन आलें. नव्या एंजिनानें काय बदललें, आणि काय बदलूं शकलें नाहीं, याची हकीगत उद्बोधक आहे. ती समजण्यास मात्र आरंभ एंजिनापासून न करतां कपाशीपासून केला पाहिजे.

१८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर आठ वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि १८६५ पर्यंत तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना दुर्मिळ झाला. त्या गिरण्यांची दृष्टि हिंदुस्थानच्या, आणि त्यांतहि वऱ्हाडच्या, काळ्या जमिनीकडे वळली. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळाहून पूर्वेकडे पसरत होते. अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा या ठाण्यांवरून ते १८६७ सालीं नागपुरास पोंचले. खामगांव आणि अमरावती या कापसाच्या दोन मोठ्या पेठा मुख्य मार्गापासून थोड्या बाजूस राहिल्या होत्या. म्हणून १८७० सालीं खामगांवास आणि पुढील वर्षीं अमरावतीस छोटे फांटे काढण्यांत आले. खामगांवच्या फांट्याच्या उद्घाटनास प्रत्यक्ष गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. आठ मैलांच्या वाटेसाठीं देशाचा सर्वोच्च अधिकारी यावा, यावरून त्या काळीं वऱ्हाडच्या कापसाचें मोल काय होतें याची कल्पना येते.

परंतु मुख्य मार्गापासून पन्नास-साठ मैल आंत असलेल्या मुलखाचें काय ? उत्तरेकडे दर्यापूर, पानमळ्यांचें अंजनगांव आणि इमादशाहीची जुनी राजधानी अचलपूर. दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा आणि यवतमाळ. या साऱ्या टापूंतील कापूस बंड्यांतून जाई. कोरड्या दिवसांत बंडी हळूहळू कां होईना, चाले. परंतु काळ्या मातीवर एकदां पाऊस पडला कीं चाक आंसापर्यंत रुते आणि बैलांच्या चार जोड्या लावूनहि निघेना. या मुलखांतून स्वस्तांत आगगाडी न्यावयाची तर एकच उपाय होता : चिंचोळा मार्ग. मुख्य मार्गाच्या दोन रुळांमध्यें साडेपांच फुटांचें अंतर असतें; येथें तें अडीच फूट ठेवण्यांत आलें. मार्ग अरुंद म्हणजे मातीचा भराव कमी, पूल लहान, रूळ हलके आणि डबे सुटसुटीत. मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारें ७६ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारें ११३ किलोमीटर, असा हा मार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अस्तित्वांत आला. मुंबईची किलिक-निक्सन ही पेढी त्याच्या मागें होती, आणि तिनें उभी केलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी त्याची मालक होती. गाडी चालविण्याचें काम मात्र करारानें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होतें. वाट एकाची आणि गाडी दुसऱ्याची, ही व्यवस्था ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिनेंच या कथेला वळण दिलें.

अरुंद मार्गाचें शास्त्र वजनाभोंवतीं फिरतें. एका आंसावर किती भार पडावा याचा हिशेब हें त्याचें पहिलें सूत्र. महाराष्ट्रांतच १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरानें दाखवून दिलें कीं, प्रत्येक आंसावरील भार पांच टनांच्या आंत ठेवला आणि तो सर्व आंसांवर सारखा वांटला, तर हलक्या रुळांवरूनहि भरपूर माल वाहतां येतो. म्हणजे अशा मार्गावर ताकदवान एंजिन आणावयाचें तर तें केवळ बलिष्ठ असून भागत नाहीं. त्यानें पाऊल हलकें टाकलें पाहिजे. त्यांत वऱ्हाडची काळी माती ही मोठी चंचल. पावसांत ती फुगते आणि उन्हाळ्यांत तिला हात हात भेगा पडतात. तिच्यावर घातलेले रूळ दर वर्षीं थोडे उचलतात, थोडे खचतात. खडी भरून, सलीपाट सरळ करून ते पुनः पातळींत आणणें हें या वाटेचें कधींहि न संपणारें काम होतें.

या वाटेवर १९२३ सालीं एक वाफेचें एंजिन रुजू झालें. तें झेडडी जातीचें असून १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें होतें. ज्या नगराच्या नांवाशीं सुताच्या गिरण्या कायमच्या जोडल्या गेल्या, त्याच नगरांतून वऱ्हाडचा कापूस ओढण्यास एंजिन यावें, हा इतिहासाचा एक सहज योग होय. जिनांत सरकी निघाली, प्रेसमध्यें रुईच्या गांठी बांधल्या गेल्या, आणि त्या या छोट्या गाडींतून मूर्तिजापुरास येऊन तेथें मोठ्या गाडींत चढविल्या जात. तेथून मुंबई बंदराची वाट मोकळी होती.

वाफेच्या एंजिनाचा एक गुण असा कीं, त्याला गीअरांची गरज नसते. नळकांड्यांत वाफ शिरली कीं दट्ट्या सरकतो, आणि दट्ट्याची दांडी थेट चाकाशीं जोडलेली असते. चाक उभें असतांनाहि वाफेचा पुरा दाब दट्ट्यावर पडतो. त्यामुळें भरलेली गाडी जागची हलविण्याचें बळ त्याच्या अंगीं पहिल्या क्षणापासून असतें. परंतु या गुणाची किंमत मोठी. जाळलेल्या कोळशांतील उष्णतेपैकीं जेमतेम पांच ते आठ टक्के उष्णता चाकांपर्यंत पोंचते. बाकीची धुराड्यांतून निघून जाते. गाडी सकाळीं निघावयाची तर विस्तव रात्रींच पेटवावा लागतो. राख काढावी लागते, नळ्या झाडाव्या लागतात, ठराविक दिवसांनीं बॉयलर धुवावा लागतो. आणि सर्वांत मोठी गरज पाण्याची.

येथें वऱ्हाडच्या भूगोलानें एक खास अडचण उभी केली होती. मूर्तिजापूर आणि दर्यापूर यांच्यामध्यें ही वाट पूर्णा नदी ओलांडते. पूर्णेच्या दोन्ही तीरांचा विस्तीर्ण टापू खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील विहिरींचें पाणी माणसाला पिववत नाहीं आणि पिकालाहि मानवत नाहीं. खारें पाणी बॉयलरचाहि शत्रुच. तें उकळतांना फेंसाळतें, त्यांतील क्षार नळ्यांवर पुटासारखे बसतात, आणि हें पूट उष्णता अडवून धरतें. म्हणजे ज्या मुलखांत गोड पाण्याची वाण, त्याच मुलखांत रोज शेंकडों घागरी पाणी पिणारें यंत्र चालवावयाचें ! तरीहि तें एंजिन सत्तर वर्षांवर चाललें. याचें श्रेय मँचेस्टरच्या पोलादाइतकेंच मूर्तिजापूरच्या फिटरांना, आगवाल्यांना आणि लोहारांना दिलें पाहिजे.

या काळांत भोंवतालचें जग मात्र बदलत होतें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कारभार १९२५ सालीं सरकारनें हातीं घेतला. देश स्वतंत्र झाला, आणि १९५१ सालीं मध्य रेल्वे अस्तित्वांत आली. देशांतील लोहमार्ग एकामागून एक राष्ट्राच्या मालकीचे झाले. परंतु या छोट्या वाटेची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. कराराची मुदत भरे, त्याचें नूतनीकरण होई, आणि सरकारी रेल्वे तिची गाडी चालवीत राही. १९७२ सालीं चित्तरंजनच्या कारखान्यानें वाफेचीं एंजिनें बांधणें कायमचें बंद केलें. १९९० च्या सुमारास मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर विजेचीं एंजिनें धांवूं लागलीं. त्याच स्टेशनाच्या एका बाजूस तारेखालून मेल गाडी वाऱ्यासारखी निघून जावी, आणि दुसऱ्या बाजूस १९२१ चें धूड धापा टाकीत उभें असावें, असें तें दृश्य होतें. अखेर १५ एप्रिल १९९४ रोजीं तें एंजिन निवृत्त झालें, आणि त्याच्या जागीं डीझेल एंजिन आलें.

डीझेल एंजिनाची प्रकृति वाफेच्या अगदीं उलट. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें पहिलें यशस्वी यंत्र चालवून दाखविलें, तेव्हांच तेल किती काटकसरीनें जळूं शकतें हें जगाला कळून चुकलें होतें. वाफेच्या मानानें तें इंधनापासून चारपांच पट काम काढतें. त्याला रात्रभर तापवावें लागत नाहीं, वाटेंत पाणी लागत नाहीं, राख उरत नाहीं. परंतु त्याला एक मोठें वैगुण्य आहे : तें स्वतः कांहीं वेगानें फिरत असल्याखेरीज बळ देऊं शकत नाहीं. उभ्या गाडीच्या चाकांना तें सरळ जोडलें, तर गाडी हलण्याऐवजीं एंजिनच बंद पडेल. म्हणून एंजिन आणि चाक यांच्यामध्यें कोणी तरी मध्यस्थ लागतो. मोटारींत तें काम क्लच आणि गीअरांची पेटी करते. आगगाडीचा भार त्याहून कितीतरी अधिक, म्हणून तेथें युक्तिहि निराळी. हर्मान फोटिंगर या जर्मन शास्त्रज्ञानें जहाजांसाठीं १९०५ सालीं ती शोधून काढली. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. या यंत्रांत वाऱ्याऐवजीं तेल असतें. एंजिनानें फिरविलेलें चक्र तेल जोरानें फेंकतें, तें दुसऱ्या चक्राच्या पात्यांवर आदळतें, आणि मधल्या स्थिर पात्यांमुळें आरंभीं त्याचें बळ अनेक पटींनीं वाढतें. लोखंड लोखंडाला न भिडतां शक्ति एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि गाडी धक्का न देतां हळूंच चालूं लागते. हिंदुस्थानांतील अडीच फुटी मार्गांवर जीं डीझेल एंजिनें आलीं, तीं बहुधा याच रीतीचीं होतीं.

अशा रीतीनें अँबॅसडर मोटारींत झालें तेंच येथेंहि झालें. नवें एंजिन आणि त्याच्याबरोबर शक्ति पोंचविण्याची नवी रीति, दोन्ही एकदम आलीं. खारपाणपट्ट्यांतील पाण्याची विवंचना संपली. कोळशाचे ढीग आणि राखेचे उकिरडे गेले. प्रवाशांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर उडणारे कोळशाचे कण गेले. एंजिनावरील माणसांच्या अंगाची भाजणी थांबली; मे महिन्यांत वऱ्हाडचें ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या उन्हांत भट्टीपुढें उभें राहणें म्हणजे काय हें सांगावें लागणार नाहीं.

मग गाडी वेगानें धांवूं लागली काय ? नाहीं. मूर्तिजापुराहून यवतमाळचें सत्तर मैलांचें अंतर तोडण्यास डीझेलच्या काळांतहि सहा-सात तास लागत. कारण सरळ होतें. रूळ तेच होते, सलीपाट तेच होते, पूल तेच होते आणि खालची काळी माती तीच होती. त्या वाटेला जेवढा वेग सोसे, तेवढाच गाडीला ठेवणें भाग होतें. बहुतेक फाटकांवर पहारेकरी नव्हते. गाडी फाटकाअलीकडे थांबे, गाडींतीलच एक माणूस खालीं उतरे, फाटक लावी, गाडी पुढें सरके, तो फाटक उघडी आणि पुनः गाडींत चढे. तिकीट देण्यापासून एंजिन सोडण्या-जोडण्यापर्यंतचीं सारीं कामें बोटांवर मोजण्याइतकीं माणसें करीत. जगांतील सर्वांत बलिष्ठ एंजिन आणून जोडलें असतें, तरी फाटकापाशीं त्यालाहि थांबावेंच लागलें असतें.

वाट कां सुधारली नाहीं, याचें उत्तर यंत्रशास्त्रांत सांपडत नाहीं. तें करारांत सांपडतें. एंजिन हें गाडी चालविणाऱ्याचें. तें एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेतां येतें. रूळ, भराव आणि पूल मात्र जमिनीला खिळलेले, आणि तेथें मालकी दुसऱ्याची. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधण्यास जसा कोणी सहसा धजत नाहीं, तसेंच येथें झालें. आणि ज्या कापसासाठीं ही वाट जन्मली, तो तरी कोठें राहिला होता ? मालमोटारी थेट जिनाच्या फाटकांतून गांठी उचलूं लागल्या होत्या. ज्याच्या भाड्यावर वाटेचा खर्च निघावा तो माल गेला, आणि जिच्या खिशांत मोटारीच्या भाड्याइतके पैसे नाहींत ती माणसें तेवढीं राहिलीं. बाजाराला निघालेली शेतकरीण, शाळेस जाणारें पोर, तालुक्याच्या दवाखान्यांत दाखविण्यासाठीं म्हाताऱ्याला घेऊन निघालेला मुलगा, यांना सहा तासांचा प्रवास लांबला म्हणून तक्रार नव्हती. गाडी रोज येते, पावसांत रस्ता बुडाला तरी येते आणि थोडक्या पैशांत नेते, एवढेंच त्यांना पुरेसें होतें. ‘शकुंतला’ हें नांव दिलें तें याच माणसांनीं.

पुढची हकीगत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. २०१० नंतरच्या दशकांत यवतमाळकडील गाडी बंद पडली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अचलपूरकडीलहि थांबली. २०१६ सालीं हा मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली, आणि तो पुनः सुरू व्हावा म्हणून अचलपूर भागांतील नागरिकांनीं आंदोलनेंहि केलीं. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, गाडी थांबली ती एंजिन थकलें म्हणून नव्हे. डीझेल एंजिन चालण्यास समर्थ असतांनाच वाट त्याच्या पायाखालून निसटली.

जुन्या मोटारींत नवें एंजिन घालणाराला जाणता मिस्त्री प्रथम गाडीखालीं वांकून पाहावयास सांगतो : आंस कसा आहे, ब्रेक कसे आहेत, सांगाडा कोठें गंजला आहे. ‘शकुंतले’च्या बाबतींत हें वांकून पाहणें झालें नाहीं. एंजिन वाफेचें होतें तोंपर्यंत मंदपणाचा सारा दोष त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या यंत्रावर ढकलतां येत होता. तें गेलें, तेव्हां कळून आलें कीं तें आपल्या वांट्याचें काम शेवटपर्यंत चोख करीत होतें. दर पावसाळ्यानंतर रूळ पातळींत आणण्यास लागणारी खडी, कुजलेल्या सलीपाटाच्या जागीं घालावयाचा नवा सलीपाट, आणि हें सारें कोणी करावयाचें याचा एकदांचा निकाल, या गोष्टी एंजिनाइतक्या दिमाखदार नाहींत; त्यांच्यासाठीं कोणी फीत कापीत नाहीं. परंतु वऱ्हाडांतील त्या शेतकरणीची गाडी त्यांच्यावरच चालत होती.